न रुचणाऱ्या गाण्याचा कैवार

नोव्हेंबर १९८९ मधील प्रसंग. प्राग शहरातील वेन्सेस्लास चौक माणसांनी ओसंडून वाहत होता. चौकातील एका प्रकाशनसंस्थेच्या सज्जात सत्तेचाळीस वर्षांची एक स्त्री येऊन उभी राहिली. वीस वर्षांत तिचा आवाज नभोवाणीवर वाजला नव्हता, तिच्या तबकड्या दुकानातून नाहीशा झालेल्या होत्या. तिने वाद्यांच्या साथीविना १९६८ चे आपले एक गाणे म्हणावयास सुरुवात केली आणि खाली जमलेले लक्षावधी लोक ते तिच्याबरोबर म्हणू लागले. वीस वर्षे ज्याच्यावर बंदी होती ते गाणे लोकांना तोंडपाठ होते. त्या गायिकेचे नाव मार्ता कुबिशोवा.

त्या वेळी प्रस्तुत लेखक महाविद्यालयात शिकत होता. आपल्याकडे नवव्या लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम होती. साहजिकच प्रागच्या बातम्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर चार-सहा ओळींत येत. पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी एकामागोमाग एक कोसळत आहेत एवढे कळत होते, परंतु चेकोस्लोव्हाकियात या कोसळण्याची पहिली चीर एका गाण्याच्या खटल्यातून पडली होती, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. तो इतिहास आज पुन्हा सांगावासा वाटतो, कारण राजकीय निषेध करणाऱ्या पॉप संगीताबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते आढळतात. एका मते हे सारे पाश्चात्त्य थेर असून त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. दुसऱ्या मते गिटार गळ्यात अडकवून कोणी चार विद्रोही शब्द उच्चारले की क्रांती दारात येऊन उभी राहते. दोन्ही मते उथळ आहेत. प्रागचा इतिहास या दोहोंना उत्तर देतो.

रणगाड्यांनंतरची शांतता

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा करारातील राष्ट्रांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. अलेक्झांडर डुबचेक यांनी आरंभलेला उदारीकरणाचा प्रयोग त्याखाली चिरडला गेला. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गुस्ताव हुसाक पक्षाच्या प्रमुखपदी आले आणि ‘सामान्यीकरण’ या गोंडस नावाने एक दीर्घ दडपशाही सुरू झाली. तिच्यात रोज गोळ्या घातल्या जात नव्हत्या. माणसाची नोकरी जाई, मुलांना महाविद्यालयात प्रवेश मिळत नसे, पारपत्र काढून घेतले जाई. प्राध्यापक बॉयलरखान्यात कोळसा ओढू लागले, लेखक रात्रपाळीचे पहारेकरी झाले.

संगीताचेही असेच सामान्यीकरण झाले. गायकाला वा वाद्यवृंदाला लोकांसमोर कार्यक्रम करावयाचा तर सरकारी परवाना लागे. गाण्याचे शब्द, केसांची लांबी, वाद्यवृंदाचे नाव हे सारे अधिकाऱ्यांच्या पसंतीस उतरावे लागे. इंग्रजी नावे त्यांना खटकत. ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हे नाव धारण करणाऱ्या वाद्यवृंदाचे भवितव्य काय असणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती.

आक्रमणानंतर अवघ्या काही आठवड्यांत मिलान ह्लाव्सा या सतरा वर्षांच्या मुलाने प्रागमध्ये हा वाद्यवृंद स्थापन केला. नाव फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराच्या एका गाण्यावरून घेतले होते. कलेचा इतिहास शिकलेला इव्हान मार्टिन यिरौस हा कवी त्यांचा मार्गदर्शक झाला. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानी घ्यावयास हवी. या मुलांना राजकारणात यत्किंचितही रस नव्हता. त्यांच्या गाण्यात हुसाक नव्हते, रशिया नव्हता, स्वातंत्र्याचा उद्घोष नव्हता. त्यांचे संगीत कर्कश होते, शब्द पुष्कळदा अर्वाच्य होते. प्रस्तुत लेखकाने पुढे त्यांच्या ध्वनिफिती मुद्दाम मिळवून ऐकल्या. किशोरीताई आणि भीमसेनजी ऐकत मोठ्या झालेल्या कानांना त्या दहा मिनिटांच्या वर सोसवल्या नाहीत, हे कबूल करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

१९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना रद्द झाला आणि सरकारी मालकीची वाद्ये काढून घेण्यात आली. मग हे लोक स्वतःच जुळवाजुळव करून ध्वनिवर्धक तयार करू लागले. खेड्यातील पेयगृहात, मित्रांच्या लग्नात, कोठाराच्या आडोशाला वाजवू लागले. कार्यक्रमाची वार्ता तोंडोतोंडी पसरे. मार्च १९७४ मध्ये दक्षिण बोहेमियातील रुडोल्फोव या गावी असाच एक कार्यक्रम व्हावयाचा होता. पोलिसांनी जमलेल्या तरुणांना लाठ्यांनी झोडपून आगगाडीत कोंबले आणि परत पाठविले. कित्येक विद्यार्थ्यांची शाळा-महाविद्यालयांतून हकालपट्टी झाली. त्यांचा अपराध एवढाच, की ते गाणे ऐकायला आले होते.

गाण्यावरचा खटला

फेब्रुवारी १९७६ मध्ये बोयानोव्हित्से या गावी यिरौसच्या विवाहाच्या निमित्ताने मोठा मेळावा झाला. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी धरपकड केली आणि वीसहून अधिक लोकांना पकडले. नियतीचा उपरोध असा, की त्याच मार्च महिन्याच्या २३ तारखेस नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चेकोस्लोव्हाकियात लागू झाला. आदल्या वर्षी हेलसिंकी येथे याच सरकारने मानवी हक्कांच्या संरक्षणाची ग्वाही देऊन स्वाक्षरी केली होती. एका हाताने हक्कांच्या करारावर शिक्का उमटत होता आणि दुसरा हात सॅक्सोफोन वाजविणाऱ्याच्या मानगुटीवर होता.

सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात मुख्य खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता. आरोप होता सार्वजनिक शांततेचा भंग करण्याचा, म्हणजे साध्या भाषेत दांडगाईचा. पुरावा म्हणून गाण्यातील अर्वाच्य शब्द पुढे करण्यात आले. यिरौसला अठरा महिने, पावेल झायिचेकला एक वर्ष, तर सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आणि स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी आठ महिने कारावास झाला. यांपैकी कारासेक हा धर्मोपदेशक होता आणि भजनाच्या अंगाने जाणारी गाणी म्हणत असे.

सरकारचा हिशेब सरळ होता. लेखक-विचारवंतांना पकडले तर जगात ओरड होते, या केसाळ टोळक्यासाठी कोण रडणार? सभ्य मध्यमवर्गाला त्यांचा तिटकारा होताच. त्यांना शिक्षा झाली तर लोक उलट समाधानाचा सुस्कारा टाकतील, अशी अधिकाऱ्यांची अटकळ होती.

ही अटकळ चुकली. खटल्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, देशातील काही नामवंतांनी जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांना अनावृत पत्र लिहून या तरुणांसाठी आवाज उठविण्याची विनंती केली. स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे वयोवृद्ध कवी यारोस्लाव सायफर्ट होते, नाटककार वात्स्लाव हावेल होते आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का होते. पातोच्का तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. हुसर्ल यांच्या परंपरेतील, ग्रीक तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक. प्लास्टिक पीपलचा गोंगाट त्यांना आवडत असेल, असे कोणी म्हणणार नाही. तरीही ते उभे राहिले.

का उभे राहिले? हावेल यांनी त्या खटल्यावर लिहिलेल्या निबंधातून आणि १९७८ मधील ‘सत्ताहीनांची सत्ता’ या प्रसिद्ध प्रबंधातून याचे उत्तर मिळते. राजकीय विरोधकाला तुरुंगात टाकले तर तो निदान एका झुंजीचा भाग असतो. झुंजीत उतरताना त्याने धोका पत्करलेला असतो. येथे मात्र ज्यांना केवळ आपल्या मनासारखे जगावयाचे, आपल्याला हवे ते वाजवावयाचे होते, अशांवर घाला पडला होता. आज हे सहन केले तर उद्या कोणालाही, केवळ तो स्वतःच्या अंतःकरणाशी प्रामाणिक आहे एवढ्याच कारणाने, उचलता येईल, हे हावेल यांनी ओळखले. स्वातंत्र्य अविभाज्य असते. केसाळ वादकाचे स्वातंत्र्य गेले की तत्त्वज्ञाचेही जाते.

चार्टर आणि प्रतिचार्टर

या एकजुटीतूनच १ जानेवारी १९७७ या दिनांकाचे ‘चार्टर ७७’ हे निवेदन जन्मास आले. आरंभी सुमारे अडीचशे लोकांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यांत डुबचेक यांच्या काळातील परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक यांच्यासारखे निष्कासित साम्यवादी होते, श्रद्धावान कॅथलिक होते, कलावंत आणि कामगारही होते. निवेदनाची मागणी एवढीच होती, की सरकारने स्वतः स्वाक्षरी केलेले करार पाळावेत. ते टपालात टाकण्यासाठी निघालेल्या हावेल, वात्सुलिक व लांडोव्हस्की यांची मोटार पोलिसांनी ६ जानेवारीस पाठलाग करून अडविली. मात्र तोवर मजकूर देशाबाहेर गेला होता.

चार्टरचे प्रवक्ते झालेल्या पातोच्कांची पोलिसांनी तासन् तास उलटतपासणी केली. १३ मार्च १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी स्मशानभूमीवर पोलिसांचे हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते आणि शेजारच्या मैदानात मोटारसायकली घरघरत होत्या, हेतू हा की श्रद्धांजलीचे शब्द कोणाच्या कानी पडू नयेत. गोंगाट केला म्हणून ज्या सत्तेने वादकांना तुरुंगात धाडले, तिला एका वृद्ध तत्त्वज्ञाच्या मृत्यूपुढे गोंगाटाचाच आश्रय घ्यावा लागला!

आता नाण्याची दुसरी बाजू. जानेवारी १९७७ च्या अखेरीस सरकारने राष्ट्रीय रंगमंदिरात देशभरच्या कलावंतांना जमवून चार्टरविरोधी निवेदनावर स्वाक्षऱ्या घेतल्या. फेब्रुवारीच्या आरंभी खास पॉप गायकांसाठी असाच दुसरा सोहळा झाला. त्यात भाषण करणाऱ्यांत कारेल गॉट होता, चेकोस्लोव्हाकियाचा सर्वांत लाडका गायक, घरोघरी पोचलेला आवाज. ज्या निवेदनाचा धिक्कार होत होता, त्याचा मूळ मजकूर जमलेल्यांपैकी बहुतेकांना वाचायलाही मिळाला नव्हता. तरी स्वाक्षऱ्या झाल्या. कारण परवाना होता, दूरदर्शन होते, परदेशदौरे होते.

गॉटला खलनायक ठरविणे सोपे आहे. आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्न स्वतःला विचारून मगच बोट दाखवावे. परंतु त्याच देशात, त्याच व्यवसायात दुसरी माणसेही होती, हे विसरून चालणार नाही. कारेल क्रिल याने आक्रमणाच्या वेळी रचलेले गाणे घराघरांत पोचले आणि १९६९ मध्ये त्याला देश सोडावा लागला. वीस वर्षे तो म्युनिकमधून ‘रेडिओ फ्री युरोप’वर गात राहिला. मार्ता कुबिशोवा त्याच काळातील अव्वल दर्जाची पॉप तारका होती. तिच्या नावाने बनावट अश्लील छायाचित्रे पसरवून १९७० मध्ये तिची कारकीर्द संपविण्यात आली. ऐन तिशीच्या आत सारे काही गमावलेल्या या स्त्रीने पोटासाठी मिळेल ते काम केले. तशाही स्थितीत तिने चार्टरवर स्वाक्षरी केली, पुढे त्याची प्रवक्ती म्हणूनही जबाबदारी घेतली.

निषेध आणि बाजारपेठ

निषेधाच्या गाण्याची पारख कशी करावी, याचे उत्तर येथे मिळते. गाण्यातील शब्द किती जहाल आहेत हा निकष पुरेसा नाही. त्या शब्दांसाठी गायकाने काय दिले, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत साठच्या दशकात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जी गाणी निघाली, त्यांतील कित्येक उत्तम होती आणि त्यांचा लोकमतावर परिणामही झाला. परंतु ती मोठमोठ्या कंपन्यांनी विकली, गायक धनाढ्य झाले आणि ज्या व्यवस्थेला शिव्या दिल्या तिनेच त्यांना सन्मानित केले. यात पाप काही नाही. उलट निषेध करणाऱ्याला तुरुंगाऐवजी पारितोषिक मिळणे हे त्या समाजाचे बळ आहे. मात्र अशा सुरक्षित निषेधाला आणि प्रागच्या निषेधाला एकाच तागडीत तोलू नये. बाजारपेठ विद्रोहालाही वेष्टनात गुंडाळून विकते. यिरौसने निरनिराळ्या शिक्षा मिळून आयुष्याची सुमारे साडेआठ वर्षे तुरुंगात काढली. त्याच्या गाण्याला वेष्टन कोण घालणार?

एक आक्षेप रास्त आहे. गाण्याने राज्य उलथते काय? नाही. १९८९ मध्ये साम्यवादी राजवटी पडल्या त्यामागे कोलमडलेली अर्थव्यवस्था होती, गोर्बाचेव्ह यांचे बदललेले धोरण होते, पोलंड-हंगेरी-पूर्व जर्मनीतील घडामोडी होत्या. मूर्तिपूजाही नको. प्लास्टिक पीपलने ज्याच्या कवितांना चाली लावल्या तो एगॉन बोंडी गुप्त पोलिसांना माहिती पुरवीत होता, हे राजवट गेल्यानंतर उघड झाले. गाण्याने केले ते एवढेच, की एकमेकांपासून तुटलेल्या माणसांना ती एकटी नाहीत हे सांगितले. हुकूमशाहीचे बळ माणसामाणसांतील भिंतीत असते. धर्मोपदेशक, माजी मंत्री, तत्त्वज्ञ आणि केसाळ वादक एका कागदावर स्वाक्षरी करतात तेव्हा ती भिंत ढासळू लागते. डिसेंबर १९८९ च्या अखेरीस हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. चार्टरच्या विसाव्या वर्षी, १९९७ मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने प्लास्टिक पीपलचे जुने सहकारी पुन्हा एकत्र येऊन वाजवू लागले.

एकच मोजपट्टी

येथवर वाचकांनी मान डोलाविली असेल, कारण दडपशाही करणारे साम्यवादी होते. खरी परीक्षा पुढे आहे. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा सांतियागोच्या क्रीडागारात डांबलेल्या व्हिक्तोर हारा या गायकाची छळ करून हत्या झाली. हारा साम्यवादी होता आणि मारणारे साम्यवादाचे कट्टर वैरी. त्याच्या मारेकऱ्यांना चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेरची शिक्षा कायम केली ती २०२३ मध्ये, अर्धशतकानंतर. प्रागच्या यिरौससाठी हळहळणाऱ्या मनाला सांतियागोच्या हाराबद्दल तेवढीच हळहळ वाटत नसेल तर ती हळहळ गाण्यासाठी नव्हती, पक्षासाठी होती. हेच उलट बाजूनेही लागू आहे. हाराची छायाचित्रे भिंतीवर लावणाऱ्या आपल्याकडील कित्येक पुरोगाम्यांनी प्रागच्या खटल्याविषयी कधी चकार शब्द काढलेला आठवत नाही.

त्याहून अवघड उदाहरण रशियातील. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘पुसी रायट’ या गटातील तरुणींनी मॉस्कोच्या मुख्य कॅथेड्रलमध्ये शिरून पुतिन यांच्या विरोधात गाण्याचा प्रकार केला. प्रार्थनास्थळात असे वर्तन प्रस्तुत लेखकाला मुळीच मान्य नाही. श्रद्धावंतांना त्याने दुखावले जाणे स्वाभाविक होते. मात्र तिघींना दोन वर्षांची शिक्षा ज्या कलमाखाली झाली ते कलमही दांडगाईचेच होते, हे वाचून प्राग आठवले. वर्तनाला नापसंती दर्शविणे आणि त्यासाठी तुरुंगवासाला टाळी वाजविणे, या दोन गोष्टींतील अंतर सुज्ञ माणसाने राखले पाहिजे. इराणमधील तूमाज सालेही या रॅप गायकाला तर २०२४ मध्ये फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. जगभर आवाज उठला, वरच्या न्यायालयाने ती रद्द केली आणि वर्षअखेरीस तो सुटला. तो आवाज उठविणाऱ्यांपैकी किती जणांना रॅप आवडत असेल?

आणि आपण? प्रागमध्ये वादकांना अटक होऊन दोन महिनेही उलटले नव्हते, तोच मे १९७६ मध्ये आपल्याकडे किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद करण्यात आली. त्यांनी सरकारविरुद्ध गाणे रचले नव्हते, मोर्चा काढला नव्हता. आणीबाणीतील सरकारी कार्यक्रमाच्या प्रचारात सहकार्य करण्यास ते तयार झाले नाहीत, एवढाच अपराध. पुढे शहा आयोगाने या प्रकरणाची नोंद घेतली. आणीबाणीत कारावास भोगलेले किंवा भूमिगत राहिलेले अनेक जण या पृष्ठांचे वाचक आहेत. आपल्या लोकप्रिय गायकाचा आवाज एका फर्मानासरशी नाहीसा झाला, तेव्हा चित्रपटसृष्टीतील किती जण उघडपणे त्याच्या पाठीशी उभे राहिले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून पाहावा. प्रागमध्ये एका अप्रिय वाद्यवृंदासाठी तत्त्वज्ञ उभा राहिला. आपल्याकडे सर्वांत प्रिय आवाजासाठीही फारसे कोणी उभे राहिले नाही.

४ डिसेंबर १९८९ रोजी वेन्सेस्लास चौकातील सज्जात एक विलक्षण दृश्य दिसले. हद्दपारीतून परतलेला कारेल क्रिल आणि सत्तेशी जुळवून घेतलेला कारेल गॉट शेजारी शेजारी उभे राहून राष्ट्रगीत गायिले. काहींना तो समेटाचा क्षण वाटला, काहींना विस्मरणाचा. क्रिलला नव्या व्यवस्थेतील तडजोडी मानवल्या नाहीत. तिच्यावरही टीकेची गाणी करीत तो १९९४ मध्ये अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. गॉट २०१९ मध्ये निवर्तला तेव्हा देशात शोकदिन पाळला गेला. इतिहास न्याय करतोच असे नाही.

म्हणूनच तो न्याय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवावा लागतो. आपल्या आवडीच्या, आपल्या विचारांच्या गायकासाठी कोणीही उभे राहील. त्यासाठी धैर्य लागत नाही. कानाला कर्कश वाटणाऱ्या, मनाला न पटणाऱ्या गाण्यावर जेव्हा पोलिसांची लाठी उगारली जाते, तेव्हा आपण मान वळवितो की पातोच्कांसारखे पुढे होतो, यावर आपली स्वातंत्र्यनिष्ठा पारखली जाते. त्या वृद्ध तत्त्वज्ञाने बहुधा ते संगीत कधी आवडीने ऐकले नसेल. तरीही त्याने त्याच्या वाजविणाऱ्यांसाठी आपला जीव पणाला लावला.